शाळा सुटल्यानंतरचें पुस्तक

नवापूरच्या रेल्वेस्थानकांत एक चमत्कारिक गोष्ट पाहावयास मिळते. राज्याची सीमा स्थानकाच्या मधून गेली असून त्याचा एक भाग महाराष्ट्रांत, तर दुसरा गुजरातेंत मोडतो. १९६० सालीं दोन राज्यें वेगळीं झालीं तेव्हांपासून प्रवाशांना हा एक कौतुकाचा विषय झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ह्या सीमेंत कौतुकापेक्षां अधिक अर्थ दिसतो. इंग्रजी अमदानींत तिच्या पूर्वेस मुंबई इलाख्याचा पश्चिम खानदेश जिल्हा होता, आणि पश्चिमेस बडोदें संस्थानच्या नवसारी प्रांतांतील सोनगड व व्यारा हे तालुके होते. दोहों बाजूंस तेंच रान, तेच डोंगर आणि तेच भिल्ल व गावीत शेतकरी. परंतु पुस्तकाच्या बाबतींत एका बाजूच्या सत्तेनें जो प्रश्न स्वतःस विचारला, तो दुसऱ्या बाजूच्या सत्तेनें पुष्कळ वर्षें विचारलाच नाहीं. तो प्रश्न असा: मूल शाळेंतून बाहेर पडल्यावर त्याच्या हातांत वाचावयास काय राहतें?

आज नंदुरबार जिल्ह्यांत शासनमान्य वाचनालयें आहेत. जिल्हा ग्रंथोत्सव होतात. १५ ऑक्टोबर हा दिवस २०१५ पासून वाचनप्रेरणादिन म्हणून शाळांतून पाळला जातो. ह्या सर्वांचा हेतु एकच सांगितला जातो, तो म्हणजे वाचनाची आवड जन्मभर टिकावी. हा हेतु कोणत्या साधनानें कितपत साधतो, हें ठरविण्यास ह्या सीमेच्या दोन्ही बाजूंचा इतिहास उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तो येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड ह्यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ सालीं तो साऱ्या संस्थानास लागू केला. पण कायद्यानें मुलगा चारपांच वर्षें शाळेंत बसविला, तरी नांगर हातीं धरल्यावर त्यानें वाचावयाचें काय? घरीं पुस्तक नाहीं, गांवांत वर्तमानपत्र नाहीं. अशा स्थितींत शिकलेलें अक्षर हळूहळू पुसून जातें आणि त्याबरोबर शाळेवर झालेला खर्चही व्यर्थ होतो. महाराजांस हें भय स्पष्ट दिसत होतें. म्हणून ग्रंथालय ही त्यांच्या दृष्टीनें विद्वानांची चैन नव्हती. तो शाळेच्या कामाचाच उत्तरार्ध होता.

अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालयें त्यांनीं पाहिलीं होतीं. १९१० सालीं त्यांनीं न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अलॅन्सन बॉर्डन ह्यांस बडोद्यास आणविलें. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. राजवाड्यांतील खासगी संग्रहाचीं सुमारें २० हजार पुस्तकें नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया झालीं. १९११ सालीं ग्रंथपालांसाठीं शिक्षणवर्ग निघाला. आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नांवाचें त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघूं लागलें. हें सर्व राजधानीचें वैभव झालें. ह्या चळवळीचें खरें मर्म मात्र खेड्यांतील व्यवस्थेंत होतें, आणि तिची पहिली प्रेरणा सरकारी कचेरींतून आलेली नव्हती. मोतीभाई अमीन नांवाच्या एका शिक्षकानें १९०६ च्या सुमारास चरोतर भागांत ‘मित्रमंडळ’ ह्या नांवानें गांवोगांव लहान वाचनालयें उभारण्यास आरंभ केला होता. राज्यानें ती धडपड ओळखली, तिला नियम दिला आणि पैसा दिला.

नियम असा होता कीं, गांवानें ग्रंथालयासाठीं वर्गणीनें ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम उभी केली म्हणजे तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें व तितकीच सरकारनें घालावी. ह्या तिहाईच्या हिशोबांत मोठें शहाणपण होतें. ज्या कपाटांत आपला तिसरा हिस्सा आहे त्याची किल्ली कोणाजवळ आहे, पुस्तकें कोण नेतो व कोण परत आणीत नाहीं, ह्याची चौकशी गांव आपण होऊन करूं लागतें. जेथें कायमचें ग्रंथालय नव्हतें तेथें फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी येई, गांवकरी ती वाचीत, ती परत जाई आणि तिच्या जागीं दुसरी येई. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं खात्याची एक निराळी शाखा जादूच्या कंदिलाचे व पुढें चलच्चित्रांचे खेळ गांवोगांव करून दाखवी. खेळानें लोक जमत आणि पेटीनें ते टिकत. उत्सव व ग्रंथालय ह्यांचें नातें इतक्या सरळ रीतीनें दुसऱ्या कोणीं क्वचितच मांडलें असेल.

ह्या व्यवस्थेंत दोष नव्हता असें नाहीं. तिहाईचा नियम मुळांत सुस्थितींतील गांवास अनुकूल होता. जेथें वर्गणी देण्याइतका पैसाच नाहीं तेथें तोच नियम दाराचा अडसर होऊन बसतो. शिवाय पेटींतील पुस्तकें शाळेच्या भाषेंतलीं असत, घरांत बोलल्या जाणाऱ्या भिल्ली बोलींतलीं नसत. ह्या दोन उणीवा वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या. कारण नंदुरबारच्या प्रश्नांत त्याच पुढें उभ्या राहतात.

आतां सीमेच्या अलीकडे येऊं. महाराष्ट्रांतील इंग्रजी मुलखांत ग्रंथालयें बडोद्याच्या पुष्कळ आधीं निघालीं होतीं. रत्नागिरीस १८२८, अहमदनगरास १८३८, नाशिकास १८४० व पुण्यास १८४८ सालीं स्थापन झालेलीं वाचनालयें आजही चालूं आहेत. खानदेशांत जळगांवचें वाचनालय १८७७ चें. ह्या संस्थांनीं मराठी मध्यमवर्गास वाचावयास शिकविलें, व्याख्यानमाला चालविल्या, नियतकालिकें जगविलीं. त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांची घडण वर्गणीदारांच्या मंडळाची होती. वकील, शिक्षक, कारकून व व्यापारी हे तिचे सभासद. जो वर्गणी देई तो पुस्तक नेई, आणि जो गांवाबाहेर राही त्याची आठवण मंडळास होण्याचें कारण नसे. सरकारास तर ह्या कामांत आपलें कांहीं कर्तव्य आहे असें फार काळ वाटलेंच नाहीं.

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार, नवापूर, तळोदें, शहादें हा सारा मुलूख धुळ्याच्या कारभाराखालीं राहिला. तत्पूर्वींच तापी खोऱ्यांतून सुरत ते अमळनेर हा लोहमार्ग सुरू झाला होता, आणि नंदुरबार व नवापूर हीं दोन्ही गांवें त्यावर होतीं. आगगाडीनें कापूस बाहेर गेला व तिनेंच टपाल, वर्तमानपत्रें व पुस्तकें आंत आणलीं. धुळें तर ह्या काळांत विद्येचें मोठें ठाणें झालें. शंकर श्रीकृष्ण देव ह्यांची सत्कार्योत्तेजक सभा १८९३ पासून तेथें काम करीत होती, आणि रामदासी वाङ्मयाचीं त्यांनीं जमविलेलीं हस्तलिखितें १९३५ सालीं स्थापन झालेल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत सुरक्षित राहिलीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले व पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. एका जिल्ह्याच्या गांवास अभिमान वाटावा अशी ही संपत्ति आहे. पण ती साठविण्याची होती, वांटण्याची नव्हती. हस्तलिखित जपणें हें एक कर्तव्य आणि शेतकऱ्याच्या हातीं छापील पुस्तक देणें हें दुसरें. पहिलें उत्तम झालें म्हणून दुसरें आपोआप होत नाहीं.

दुसऱ्या कर्तव्याची जाणीव ज्यांस तीव्रतेनें झाली त्यांत साने गुरुजींचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १९२४ ते १९३० ह्या काळांत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हातानें लिहून काढीत. ह्या लहानशा उद्योगाचा अर्थ मोठा आहे. मुलांपुढें रोज नवें कांहीं वाचावयास ठेवावें, तें त्यांच्याच जीवनाशीं संबद्ध असावें, आणि तें देणारा मनुष्य त्यांच्या ओळखीचा असावा, ह्या तीन गोष्टी त्या दैनिकांत एकत्र आल्या होत्या. पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि तीं साने गुरुजींनींच उतरून घेतलीं. तुरुंगाच्या आवारांत ऐकलेलें बोलणें पुस्तक होऊन बाहेर आलें व घराघरांत गेलें. ऐकणें आणि वाचणें ह्यांमध्यें आपण समजतों तशी भिंत नाहीं, हें पश्चिम खानदेशाच्या मुख्य ठिकाणीं घडलेल्या ह्या प्रसंगानें दिसून येतें.

तथापि अमळनेर व धुळें हीं मैदानांतलीं गांवें. तापीच्या उत्तरेस सातपुड्यांत अक्राणी आहे, अक्कलकुव्यापलीकडे मेहवासी वतनांचा डोंगराळ प्रदेश आहे; तेथें पावसाळ्यांत नदीनाले ओलांडून पाड्यावरून पाड्यावर जाणें हेंच मोठें काम. वर्गणीदारांचें वाचनालय तेथें निघणें शक्यच नव्हतें. फिरती पेटीच तेथें जाऊं शकली असती. पण बडोद्यानें चालविलेला तो प्रयोग सीमा ओलांडून इकडे आला नाहीं.

मुंबई सरकारनें ह्या प्रश्नाकडे प्रथम गंभीरपणें पाहिलें तें बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत. १९३९ सालीं ए. ए. ए. फैजी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यांतील वाचनालयापर्यंत एक उतरंड सुचविली. मध्यंतरीं महायुद्ध आलें, आणि तिची अंमलबजावणी स्वातंत्र्याच्या वर्षापासून थोडथोडी सुरू झाली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलांत आला. त्यानें ग्रंथालयासाठीं निराळा कर बसविला नाहीं. स्वयंसेवी संस्थांनीं चालविलेल्या वाचनालयांस वर्गवारी करून अनुदान देण्याची जुनीच वाट त्यानें रुंद केली. ह्या वाटेनें हजारों गांवांत वाचनालयें झालीं हें खरें. पण जेथें संस्था काढणारा कोणी नाहीं तेथें अनुदान मागणार कोण? बडोद्याच्या तिहाईंतला दोष येथें दुसऱ्या वेषानें परत आला.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतींत ह्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आंत होती. त्यांत दर १०० पैकीं सुमारें ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत असें दिसून आलें, आणि साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६४ च्या आसपास भरलें. साऱ्या राज्याचें प्रमाण तेव्हां शेंकडा ८२ होतें. हे आंकडे वाचून शाळा वाढवाव्या असें कोणीही म्हणेल, व तें योग्यच आहे. परंतु जो ६४ मध्यें मोजला गेला तो दहा वर्षांनंतरही वाचीत राहील काय, हें शिरगणति सांगत नाहीं. तें सांगणारी खूण एकच: शाळा सुटल्यानंतर त्याच्या घरीं पुस्तक येतें कीं नाहीं.

आणि तें पुस्तक कोणत्या भाषेचें? ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा नववा खंड १९०७ सालीं निघाला. त्याच्या तिसऱ्या भागांत भिल्ली बोली व खानदेशी ह्यांची स्वतंत्र नोंद आहे. ह्या जिल्ह्यांत पावरी, मावची, देहवाली, अहिराणी अशा बोली आजही घरोघर बोलल्या जातात. त्यांतील वाङ्मय दरिद्री आहे असें समजणें हें मोठें अज्ञान होय. याहामोगी माता, राजा पांठा व विना ठाकूर ह्यांच्या कथा पिढ्यानपिढ्या गाइल्या जातात; सोंगाड्या पार्ट्यांचे खेळ रात्र रात्र चालतात आणि प्रेक्षक जागचे हलत नाहींत. ज्या समाजाची ऐकण्याची शक्ति इतकी तयार आहे त्याला वाचनाची आवड नाहीं असें म्हणणें म्हणजे दोष आपल्या पुस्तकाचा, आणि ठपका मात्र वाचकाच्या माथीं, असें होईल. डॉ. रंगनाथन ह्यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांपैकीं एकाचा आशय असा कीं, प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें. त्यांत ‘त्याचें’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पावरी बोलणाऱ्या मुलीस पहिल्या दिवशीं हातीं येणारें पुस्तक तिच्या घराविषयीं अक्षरही बोलत नसेल, तर तें तिला मिळालें असें म्हणतां येईल काय?

ह्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत. शहादें तालुक्यांतील वाहरू सोनवणे ह्यांचा ‘गोधड’ हा काव्यसंग्रह १९८७ सालीं प्रसिद्ध झाला आणि ह्या भागांतील भिल्ल माणूस मराठी वाचकांपुढें स्वतःच्या शब्दांत बोलूं लागला. सरदार सरोवरानें बाधित झालेल्या नर्मदाकांठच्या गांवांत १९९० नंतरच्या दशकांत जीवनशाळा निघाल्या. तेथें लहान मुलांस आधीं त्यांच्या बोलींतून शिकवून मग मराठीकडे नेण्याचा उपक्रम झाला. दोहोंवरून एकच गोष्ट सिद्ध होते कीं, बोली ही मराठी वाचनाची शत्रु नसून तिच्याकडे नेणारी पायरी आहे.

राहिला ग्रंथोत्सवाचा विचार. कित्येक जाणते लोक म्हणतात कीं, हे दोनतीन दिवसांचे सोहळे म्हणजे केवळ देखावा. पालखींत पुस्तकें ठेवून ग्रंथदिंडी काढली, पाहुण्यांचीं भाषणें झालीं, कवींनीं कविता म्हटल्या, आणि चौथ्या दिवशीं मंडपाबरोबर वाचनही गुंडाळलें गेलें. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. पण तो अर्धाच खरा आहे. आपल्या समाजांत कोणतीही गोष्ट रुजते ती जत्रेंतून. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. महाशिवरात्रीस सीमेपलीकडच्या देवमोगऱ्यास नव्या धान्याच्या टोपल्या घेऊन हजारों लोक जातात. होळीच्या आधीं भोंगऱ्या बाजार गजबजतो. जत्रेंत मनुष्य एकटा नसतो, आणि जी वस्तु चारचौघांत हातीं घेतली तिचा संकोच उरत नाहीं. ज्या घरांत पुस्तक कधीं विकत आणलें गेलें नाहीं त्या घरांतील मुलानें मंडपांत उभें राहून एक पुस्तक चाळावें, दोन पानें वाचावीं, आईबापांकडे हट्ट करावा, हें कोणत्याही वाचनालयाच्या कपाटानें होणारें काम नव्हे. मराठी ग्रंथकारांचीं संमेलनें १८७८ पासून होत आलीं. १९४४ चें धुळ्यास भरलें, १९५२ व २०२४ चीं अमळनेरास भरलीं. त्यांतील भाषणें विसरलीं जातात, पण पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी खोटी नसते.

म्हणून दोष उत्सवाचा नाहीं. दोष आहे तो उत्सवानंतरच्या अकरा महिन्यांचा. उत्सव भूक लावतो, जेवण घालीत नाहीं. जेवणाची सोय वाचनालयानें करावयाची, आणि ज्या पाड्यावर वाचनालय नाहीं तेथें पेटीनें. बडोद्याच्या खेळवाल्यांच्या मागोमाग पेटी असे म्हणून त्या खेळास अर्थ होता. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें अलीकडे ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ ह्या योजनेनें पेटीची जुनी कल्पना पुन्हां चालती केली, आणि वाचकांनीं तिचें स्वागत केलें. तेव्हां ती कालबाह्य झाली आहे असें म्हणण्यास जागा नाहीं.

नंदुरबारापुरतें बोलावयाचें तर कर्तव्य अगदीं स्पष्ट आहे. ग्रंथोत्सव जिल्ह्याच्या ठिकाणीं भरवावा, तसाच धडगांवच्या व अक्कलकुव्याच्या आठवडेबाजाराच्या दिवशींही भरवावा. तो संपतांना तेथून निदान कांहीं पेट्या पाड्यांकडे रवाना व्हाव्या, आणि ठरल्या दिवशीं त्या बदलल्या जाव्या. डोंगराचें कारण कोणी सांगूं नये; नर्मदेच्या जलाशयावर ह्याच जिल्ह्यांत तरंगता दवाखाना चालविला गेला आहे, आणि औषध जेथें पोंचतें तेथें पुस्तकही पोंचेल. गांवाचा हिस्सा अवश्य घ्यावा, पण तो पैशाचाच असावा असा हट्ट नको. पेटी ठेवण्यास ओटा, ती सांभाळण्यास एक शिकलेली मुलगी आणि सायंकाळीं मोठ्यानें वाचून दाखविण्याचा अर्धा तास, हा हिस्सा गरीब पाड्यासही देतां येतो. पेटींत मराठी पुस्तकांबरोबर पावरी, मावची व देहवाली कथांचीं पुस्तकें असावीं; तीं पुरेशीं नसतील तर ज्यांच्या तोंडीं त्या कथा आहेत त्या वृद्धांपाशीं बसून तीं तयार करावीं. विनोबांचें बोलणें ज्या रीतीनें पुस्तक झालें तीच ही रीत.

सयाजीरावांनीं पेटी पाठविली ती लोकांस विद्वान करण्यासाठीं नव्हे. शिकलेला मनुष्य पुन्हां निरक्षर होऊं नये एवढ्यासाठीं पाठविली. जन्मभराची आवड हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षांत ती एका पुस्तकानंतर दुसरें पुस्तक वेळेवर मिळण्यानें घडत असते, आणि पहिल्या व दुसऱ्या पुस्तकामध्यें फार दिवस गेले कीं ती मोडते. पुढील ग्रंथोत्सवाचा हिशोब मांडतांना किती रुपयांचीं पुस्तकें खपलीं हें अवश्य लिहावें. पण त्याखालीं आणखी एक ओळ असावी: मागील उत्सवांत ज्या पाड्यावर पेटी गेली होती, तेथें ह्या वर्षांत ती किती वेळां बदलली.